अर्धशिशी, तुटक झोप आणि रात्रीचं जेवण : तुमचा अनुभव काय?

मोगरा_दारव्हा | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज डोक्याने लिहायला लावलं.

कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी आहे. आधी महिन्यातून एखाद्या वेळी यायची, उलटी झाली की मोकळं वाटायचं. गेल्या वर्षभरात तिने मुक्कामच ठोकलाय. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीसारखे असतात आणि हे ३ महिन्यांहून जास्त चाललंय, म्हणजे क्रॉनिक मायग्रेन, असं त्यांनी सांगितलं. रात्री घ्यायची एक गोळी दिली, "झोप आणि जेवण वेळेवर ठेवा" म्हणाले, तेवढ्यात पुढचा नंबर आत आला.

झोप मला लागते. पण पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि तोवर डोळ्यामागे ठणका सुरू झालेला असतो. मग उजाडेपर्यंत कुशी बदलायच्या आणि तसंच स्कुटीवर शाळा गाठायची (जिल्हा परिषदेची, दुसऱ्या गावात). सासूबाई म्हणतात रात्रीचं दही आणि वांगं बंद कर, वातूळ असतं. जाऊबाई म्हणतात दूध पिऊन झोप. मोबाईलवरचे डॉक्टर म्हणतात गहू सोडा. आमच्याकडे रात्री साधंच असतं. ज्वारीची भाकर, वरण नाहीतर पिठलं, कधी वांग्याची नाहीतर अंबाडीची भाजी, ठेचा. सगळ्यांची पानं होऊन मी जेवेपर्यंत साडेदहा वाजतात, अकराला आडवी होते.

रात्री काय खाल्लं की झोप टिकते आणि काय खाल्लं की मोडते? ज्यांचं हे दुखणं जुनं आहे त्यांनी सांगा. गोळ्यांची नावं नकोत, ते डॉक्टर बघतील.

ठेचाभाकर | सोमवार, रात्री ११:५१

ताई, रात्री पावणेबाराला मोबाईल हातात धरून झोपेवर धागा काढला तुम्ही. अर्धं उत्तर तिथेच सापडलं बघा. (ह. घ्या. मीही जागाच आहे.)

निळीशाई | मंगळवार, सकाळी ८:०५

माझ्या मावसबहिणीला हाच त्रास. पुण्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला यादीच दिली होती : चीज, चॉकलेट, अजिनोमोटोवालं चायनीज, दही, इडली-डोशासारखं आंबवलेलं, जास्त पिकलेली केळी, संत्री-मोसंबी, कच्चा कांदा, शेंगदाणे, वाईन, डबाबंद मांस. सगळं एकदम बंद करा, मग एकेक सुरू करून बघा. शिस्त हवी, मग होतं सगळं.

ठेचाभाकर | मंगळवार, सकाळी ८:२०

चीज आणि वाईन दारव्हा तालुक्यात सोडायला सोपं आहे, कोणी देतच नाही. पण कांदा आणि शेंगदाणे काढले तर ठेच्यात उरतं काय, मिरची आणि पश्चात्ताप?

संत्रानगरी_वरुड | मंगळवार, सकाळी ९:१०

संत्र्याचं नाव यादीत आलं म्हणून धावत आले. आमचा बगीचा आहे, मृग बहर घ्या की आंबिया, हंगामात घरात दिवसभर संत्रीच सोलली जातात. मला अर्धशिशी आहे, आणि संत्र्याने माझं डोकं कधी उठलेलं नाही. उलट दोन्ही महालक्ष्म्या उठवतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळा स्वयंपाक उपाशीपोटी. नैवेद्य, सवाष्णी, मग पाहुणे. आपलं पान वाढलं जातं तेव्हा दिवस कललेला असतो. त्या रात्री झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी मान वर होत नाही. यात पुरणाला दोष देणार की उपाशी राहण्याला?

आणखी एक. दुखण्याच्या आदल्या दिवशी मला जांभयांवर जांभया येतात आणि गोड खावंसं वाटतं. असं कोणाला होतं का?

वऱ्हाडी_कास्तकार | मंगळवार, दुपारी १:३०

मोगराताई, मले लय वर्सापासून हाय हे दुखनं. मानसाले होत नाही म्हनते काही लोकं, त्याईनं माह्याकडे येऊन पाहा.

आता रब्बीत हरभऱ्याले ओलीत करा लागते. थ्री फेज लाईन एका आठोड्यात दिवसा तं दुसऱ्या आठोड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की जेवन करून वावरात जायचं, पाट मोडत बसायचं, फटफटलं की घरी. त्याच्यात डुकराची जागल अलग. जागं राहाले थर्मासभर चहा असते, पाहाटं चार वाजेपावतर घुटकं चालू. मंग सकाळी सात वाजता झोपाचं म्हटलं तं झोप येते का? दोन-तीन घंटे डोळा लागते, उठलो की डोक्यात घन पडून राह्यले. डाक्टर म्हने, रोज दहा वाजता झोपत जा. म्या म्हटलं, साहेब, हे लाईनवाल्याले सांगा, मी तं केव्हाबी झोपतो.

फिरता_स्टेथो | मंगळवार, रात्री ९:१५

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण अर्धशिशीचे रुग्ण रोज बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरच्या यादीपासून सुरुवात करू. तीतले काही पदार्थ काही लोकांचं डोकं खरोखर उठवतात, दारू तर नक्कीच. पण सगळ्यांना सगळं लागू नसतं आणि बऱ्याच पदार्थांबाबत पुरावा कच्चा आहे. त्यातला एक घोळ वरुडच्या ताईंनी नकळत सांगितला. मायग्रेनचा झटका ठणक्याच्या कितीतरी तास आधी सुरू झालेला असतो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, भूक, झोप, तहान हे सगळं तो सांभाळतो, आणि झटक्याच्या आधीच त्यात हालचाल सुरू होते. म्हणून जांभया, चिडचिड, गोडाची ओढ. बाई चॉकलेट किंवा गूळ खातात, मग डोकं दुखतं, आणि आळ गुळावर येतो. खाण्याची ती ओढ हेच झटक्याचं पहिलं लक्षण असू शकतं.

ज्याबद्दल माझ्या मनात शंका नाही त्या गोष्टी रुक्ष आहेत : जेवण चुकवणं, पाणी कमी पिणं, झोपेची वेळ रोज वेगळी असणं आणि चहा.

चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन, काहींना सात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना आणखी जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं अकरा वाजता अंगात असतं. झोप लागते, पण हलकी लागते आणि पहाटे मोडते. झोप मोडली म्हणून दुसऱ्या दिवशी चहा वाढतो. मात्र ज्यांना भरपूर चहाची सवय आहे त्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. एका दिवसाच्या आत त्याचंच डोकं दुखायला लागेल. आठवड्याला एक कप कमी करा, संध्याकाळचा आधी.

आता झोप आणि जेवणाचं. २००७ मध्ये अमेरिकेत क्रॉनिक मायग्रेनच्या ४३ बायकांवर एक अभ्यास झाला. एका गटाला पाच सवयी शिकवल्या. रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं आणि आठ तास अंथरुणासाठी ठेवायचे. अंथरुणात टीव्ही, वाचन, गाणी नाहीत. झोप यावी म्हणून मनात एखादं चित्र रंगवायचं. दुपारची झोप बंद. आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या किमान चार तास आधी, शेवटच्या दोन तासांत पाणीही बेताचं. दुसऱ्या गटाला दिसायला तशाच पण बिनकामाच्या सूचना दिल्या. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणींचं दुखणं क्रॉनिकवरून पुन्हा अधूनमधूनवर आलं. अभ्यास लहान आहे, पण मी तो रुग्णांना सांगतो, कारण फुकट आहे.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करते. किराणा दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्ये कॅफीनही असतं. रात्री नऊला तशी गोळी घेऊन झोपलं तर झोपेचं काय होणार ते सांगायला नको.

निळीशाई | मंगळवार, रात्री ९:४०

चार तास आधी म्हणजे सातला जेवण. इच्छा असली की जमतं. आम्ही फ्लॅटमध्ये सगळे साडेसातला जेवतो.

नलूमावशी | मंगळवार, रात्री १०:०२

मी आर्वीची. वय सत्तरीला आलंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मोगरा, तू काय खातेस ते नीट लिहिलंस. कधी खातेस ते एका ओळीत आटोपलंस, आणि कोणाच्या मागून खातेस ते अर्ध्या ओळीत. "सगळ्यांची पानं होऊन." या डॉक्टरांनी चार तास सांगितले ते खरंच असणार, पण ते तास तुझ्या हातात आहेत कुठे? पोरं आठला जेवली, सासरे साडेआठला, नवरा ओलीत सोडून दहाला आला, त्याला गरम भाकर टाकून दिली, मग तुझं ताट. दुपारी शाळेत डबा कधी खाल्लास? एक-दीडला. तिथून साडेदहापर्यंत पोटात काय गेलं, सहा वाजताचा चहा? माझं असंच गेलं गं आयुष्य. मला अर्धशिशी नव्हती, पण रात्री पोटभर जेवून लगेच पडलं की छातीत जळायचं आणि झोप उडायची. ठेचा नडतो की वांगं, यावर घरात वाद चालायचा. वेळ नडते असं कोणी म्हटलं नाही.

ठेचाभाकर | मंगळवार, रात्री १०:०९

मावशी, दंडवत.

वऱ्हाडी_कास्तकार | मंगळवार, रात्री १०:३०

मावशी, बरोबर हाय तुमचं. पन आमी दिवसभर वावरात राबून येतो, गरम भाकर पाहिजे म्हटलं तं काय गुन्हा झाला? माह्यी घरवाली थांबते माह्यासाठी. म्या थांब म्हनून कधी सांगतलं नाही.

नलूमावशी | मंगळवार, रात्री १०:४४

थांब म्हणून सांगितलं नाहीस. जेवून घे म्हणून सांगितलंस का रे बाबा?

वऱ्हाडी_कास्तकार | मंगळवार, रात्री १०:५०

😐

चांदा_४७ | बुधवार, सकाळी ६:४०

आमच्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा प्रश्न वेगळाच असतो. दिवसभर घाम, पाणी कमी, आणि रात्री कूलरची लाईट गेली की झोपेचा बोऱ्या. मार्च ते जून हे माझे डोकेदुखीचे महिने. त्यात लग्नसराई. मांडवात पंगत बसायला अकरा-साडेअकरा, तिखट रस्सा, मठ्ठा, जिलेबी, आणि घरी येऊन पडायला दीड. आता मी लग्नाला जाताना घरी सातला भाकर-वरण खाऊन निघतो, तिथे मठ्ठा घेतो आणि पंगतीत नुसता बसतो. यजमान रागावतात, पण माझं डोकं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाठवता येत नाही.

पाण्याचं माझं गणित : सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरपूर, पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी. सातनंतर घोट-घोट. नाहीतर लघवीला उठण्यातच रात्र जाते.

धानपट्टा | बुधवार, सकाळी १०:१५

जिलेबीवरून आठवलं. आमच्याकडे गोंदियाच्या बाजूला अर्धशिशीवर खात्रीचा उपाय म्हणून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला देतात. लहानपणी मला रोज पहाटे उठवून खायला घालायचे. डोकं थांबलं नाही, पण दुखतं असं सांगायची सवय मात्र लागली.

संत्रानगरी_वरुड | बुधवार, सकाळी १०:३२

😂 आमच्याकडे नाकात तूप सोडायचे. जिलेबी परवडली असती.

फिरता_स्टेथो | बुधवार, दुपारी २:१०

जिलेबीच्या उपायात एक बारकावा आहे. पहाटेचा झटका हा मायग्रेनचा नेहमीचाच प्रकार, पहाटे चार ते सकाळी नऊच्या दरम्यान बऱ्याच जणांना येतो. रात्रभराच्या उपाशी पोटात पहाटे काहीतरी पडतं, त्याने काहींना बरं वाटत असेल. जिलेबीऐवजी भाकरीचा तुकडा दिला असता तर कोणी लहानपणची आठवण म्हणून सांगितलं नसतं इतकंच.

मोगरा_दारव्हा | बुधवार, रात्री ८:३०

इतके प्रतिसाद! नलूमावशी, वाचून थोडा वेळ गप्पच बसले. दुपारच्या डब्यानंतर साडेदहापर्यंत खरंच फक्त चहा असतो.

डॉक्टर, एक शंका. मध्यंतरी माहेरी होते तेव्हा सातला जेवायचे. मग पहाटे पोटात खड्डा पडून जाग यायची आणि भुकेनेच डोकं धरायचं. मग लवकर जेवावं की उशिरा?

फिरता_स्टेथो | बुधवार, रात्री ९:२०

रास्त शंका आहे. भरपेट तिखट जेवून लगेच पडणं वाईट, आणि फार लांबलेला उपासही वाईट. निजण्याआधी थोडंसं खाणाऱ्यांचं दुसऱ्या दिवशी डोकं कमी दुखतं असं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. दोन्हीचा मेळ असा घाला : पूर्ण जेवण साडेसात-आठला, आणि झोपायच्या तासभर आधी मूठभर फुटाणे किंवा अर्धा कप दूध. वजन वाढेल इतकं नको. शाळा सुटल्यावर पाच वाजता चहासोबत बिस्किटाऐवजी दाणे-गूळ, मुरमुरे, उरलेली भाकर, काहीही चालेल.

तुमच्या रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. या दुखण्यात देतात त्यातल्या काही गोळ्यांनी भूक वाढते, रात्री अकराला डबे उघडावेसे वाटतात. काहींनी उलट भूक मरते, आणि मूतखडा होऊ नये म्हणून दिवसा पाणी जास्त प्यावं लागतं. तुमची कोणती ते कळलं की जेवणाचं ठरवणं सोपं जाईल.

खर्रा_सोडला | बुधवार, रात्री ११:०५

सगळे जेवणावर बोलतायत, खर्ऱ्यावर कोणीच नाही. विदर्भातला धागा आणि खर्रा नाही? माझं रात्रीचं जेवण म्हणजे जेवण, मग खर्रा, मग गप्पा, मग अजून एक खर्रा. तंबाखूने झोप येते असं आम्ही समजायचो. सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं आणि झोप दोन्हीचे हाल झाले, बायको म्हणाली परत सुरू करा पण घरात नको. आता झोप सलग लागते. डोकं दुखायचं थांबलं असं म्हणणार नाही, पण पहाटेचं दुखणं कमी झालं.

फिरता_स्टेथो | बुधवार, रात्री ११:३०

अभिनंदन. निकोटीन मेंदूला जागं ठेवतं, झोपवत नाही. कास्तकारभाऊ, थर्मासबरोबर खिशात पुडी असते का?

वऱ्हाडी_कास्तकार | गुरुवार, सकाळी ७:१०

डाक्टरसाहेब, आता जेवनावर बोला नं.

संत्रानगरी_वरुड | गुरुवार, दुपारी १२:४०

उपासांबद्दल कोणीतरी लिहा. संकष्टीचं माझं असं होतं. सकाळपासून चहा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी. चंद्र उगवतो नऊ-साडेनऊला. मग आरती, नैवेद्य, आणि दहाच्या पुढे पुरतं जेवण, वर मोदक. म्हणजे नलूमावशींनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एकाच दिवसात, तेही देवाच्या नावाने. दुसऱ्या दिवशी डोकं ठरलेलं.

नलूमावशी | गुरुवार, दुपारी ३:२०

आमच्या भटजींनी मला मधुमेह झाल्यावर सांगितलं, दुखणाईताला आणि बाळंतिणीला उपासाचं बंधन नाही. गणपतीला नैवेद्य दाखव, अथर्वशीर्ष म्हण, आणि वेळेवर जेव. करायचाच असेल तर दर तीन तासांनी फळ, राजगिरा, दाणे, ताक असं घे. तो बुद्धीची देवता आहे, समजून घेईल.

धानपट्टा | गुरुवार, संध्याकाळी ६:००

थोडं अवांतर. तेलाबद्दल वाचलं होतं. २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली होती, १८२ मायग्रेनवाले, १६ आठवडे. ज्यांच्या जेवणात माशांतलं ओमेगा-३ वाढवलं आणि लिनोलेइक आम्ल (खाद्यतेलांतलं ओमेगा-६) कमी केलं, त्यांचे डोकेदुखीचे दिवस साध्या आहारवाल्यांपेक्षा महिन्याला साधारण चारने कमी झाले. आपल्याकडे आता सोयाबीनचं नाहीतर सरकीचं तेल, दोन्हीत निम्म्याच्या आसपास लिनोलेइक. आजी जवसाचं तेल वापरायची. तेव्हा आम्ही वासाला नाकं मुरडायचो.

फिरता_स्टेथो | गुरुवार, रात्री ९:००

चाचणी चांगली आहे. फक्त जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्यातलं थोडंच माशांतल्या प्रकारात बदलतं. तळ्यातल्या मासोळीत बांगडा-तारलीइतकं नसतं. तरी जवसाची चटणी खायला काहीच हरकत नाही. तेल एकूणच कमी, तळण कमी, एवढं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

निळीशाई | गुरुवार, रात्री ९:२५

आणि घोरण्याचं विसरू नका. माझे मिस्टर सकाळी डोकं धरून उठायचे, आम्ही पित्त समजायचो. निघाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार. जेवण कितीही लवकर केलं तरी त्याने फरक पडला नसता.

फिरता_स्टेथो | गुरुवार, रात्री ९:३२

+१. जोरात घोरणं, दिवसा पेंग, सकाळी डोकं जड असेल तर हे तपासून घ्याच. आणि अचानक आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखायला लागलं, तर धागा न वाचता दवाखाना गाठा.

मोगरा_दारव्हा | रविवार, दुपारी ४:१५ (धागा वर काढतेय)

काही आठवडे गेले, म्हणून कळवते.

पोरांबरोबर पावणेआठला जेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण टोपल्यातल्या भाकरी दोनदा मोजल्या. सासरे म्हणाले, "आज सुनबाईला भूक लागली वाटते." मी म्हटलं, "भूक नाही बाबा, औषध आहे, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय." औषध म्हटलं की आमच्या घरात वाद संपतो. यजमानांच्या भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते, वरण ते स्वतः गरम करतात. पहिल्यांदा वरण करपलं. दुसऱ्यांदाही. आता जमतं. मजा म्हणजे सासूबाईंनाही साखरेची गोळी आहे, त्याही आता आमच्याबरोबरच बसतात आणि शेजारी सांगतात की ही पद्धत त्यांनीच काढली.

संध्याकाळचा चहा आधी अर्धा केला, मग सोडला. त्या आठवड्यात डोकं फार चढलं, डॉक्टरांनी आधी सांगितलं नसतं तर परत सुरू केला असता. दहाला मूठभर फुटाणे. दही दुपारी खाते, वांगं रात्रीही खाते, त्याने काही फरक दिसला नाही.

जाग अजून येते, पण बहुतेक वेळा चारच्या पुढे, आणि डोकं शांत असलं की परत झोप लागते. डोकेदुखी गेलेली नाही. वहीत रोज तीन गोष्टी लिहिते : जेवले कधी, झोपले कधी, दुखलं का. ती वही बघून नागपूरच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, आणि या वेळी पुढचा नंबर जरा थांबला.

मॅग्नेशियमची गोळी घ्यावी का? जाऊबाईंनी आणून दिलीय.

फिरता_स्टेथो | रविवार, संध्याकाळी ७:४०

छान चाललंय. मॅग्नेशियम मायग्रेनमध्ये देतात, काहींना उपयोग होतो, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर धोक्याचं, आणि जास्त झालं की जुलाब. जाऊबाईंनी आणलेली तशीच घेऊ नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर तीळ, दाणे, ज्वारी, राजगिरा आहेतच.

वऱ्हाडी_कास्तकार | रविवार, रात्री ८:०५

ताई, माह्यी घरवाली बी आता आठले जेवते. म्याच सांगतलं. पयल्या दिवशी तिले वाटलं मी बाहेरून खाऊन आलो. लाईन अजूकबी रात्रीचीच हाय, पन थर्मासात बारा वाजेपावतर चहा आन मंग नुसतं गरम पानी. पुडीचं इचारू नका.

ठेचाभाकर | रविवार, रात्री ८:११

धानपट्टा, ते जवसाच्या चटणीचं अर्धवट सोडलं तुम्ही. कशी करता?

धानपट्टा | रविवार, रात्री ८:५०

जवस कोरडेच कढईत मंद आचेवर, तडतडून उड्या मारायला लागले की लगेच उतरवा, एक मिनिट जास्त झालं तर कडू. त्याच कढईत थोडं जिरं. गार झालं की लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा, मिक्सरात पीठ होतं. एकदम किलोभर करू नका, आठ-दहा दिवसांत वास बदलतो. भाकरीवर चटणी, वर कच्चं तेल. आणि साडेसातला खा.